विभागाचा समान संधी आराखडा लिहायचाय – तुमच्या विभागात तुम्हाला काय खटकलं होतं?

प्रकाशकिरण (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी एका राज्य विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात शिकवतो. कुठलं विद्यापीठ ते विचारू नका, नोकरी प्यारी आहे. नॅकची (उच्च शिक्षण संस्थांचं मूल्यांकन करणारी परिषद) तयारी सुरू झाली आहे आणि सातव्या निकषाखाली विभागाने समता, विविधता, समावेशन यांसाठी काय केलं ते लिहून द्यायचंय. बाकीचे सगळे आधीच कुठल्या ना कुठल्या समितीवर आहेत, म्हणून हे घोंगडं माझ्या गळ्यात.

मागचा अहवाल काढून वाचला. महिला दिनाचं व्याख्यान, संविधान दिनाला उद्देशिकेचं वाचन, रॅम्पचा फोटो. रॅम्प खरोखरच आहे. पण सगळ्या प्रयोगशाळा पहिल्या मजल्यावर आहेत आणि लिफ्ट नाही.

कायदे साधारण ठाऊक आहेत. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) २०१२ च्या नियमांनुसार समान संधी कक्ष आणि भेदभाव प्रतिबंधक अधिकारी, लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार अंतर्गत समिती, २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा. हे सगळं विद्यापीठ पातळीवर चालतं, किंवा चालत नाही. माझा प्रश्न त्याच्या खालचा आहे. पैसे मिळणार नाहीत, पद मिळणार नाही. फक्त विभागप्रमुखांच्या सहीने काय बदलता येईल? एमए, एमएस्सी, पीएचडी करताना विभागातल्या कुठल्या गोष्टीमुळे 'आपण इथले नाही' असं वाटलं, आणि कशामुळे टिकलात?

आरक्षण असावं की नसावं यावर इथे चिक्कार धागे आहेत. कृपया तिकडे भांडा.

उडदामाजी

समितीची स्थापना, बॅनर, दीपप्रज्वलन, फोटो, चहा-बिस्किटं. झाला आराखडा. बॅनरवर कुलगुरूंचा फोटो मोठा ठेवा.

पारिजात७

उडदामाजी, पुष्पगुच्छाऐवजी रोप राहिलं. पर्यावरणाचा निकषही त्यातच भागतो.

तोरणमाळ

प्रश्न विचारलाच आहे तर सविस्तर लिहितो. मी नंदुरबार जिल्ह्यातला, घरी भिलोरी बोलणारा. मराठी शाळेत शिकलो आणि एमएस्सीला शहरात आलो.

पहिल्या आठवड्यात वर्गात ओळख करून देताना सरांनी नाव, गाव आणि प्रवेश परीक्षेचे गुण सांगायला लावले. गुण कशाला? नाव-आडनावावरून जे कळत नाही ते गुणांवरून कळतं. माझी पाळी आली तेव्हा मागून कुणीतरी हसलं. सर वाईट नव्हते, त्यांना हे लक्षातही आलं नसेल. पण त्या तासानंतर प्रॅक्टिकलचे गट पडले ते बरोबर त्याच उतरंडीने.

गटांचं सांगतो. "आपापले ग्रुप करा आणि उद्या नावं द्या" हे वाक्य प्रकाशकिरण सरांनी विभागातून हद्दपार करावं. शहरातल्या कॉलेजची मुलं आधीपासून एकमेकांना ओळखतात, एका दुपारीत त्यांचे गट होतात. मग उरतात ते आम्ही. आश्रमशाळेतला एक, मराठवाड्यातली एक मुलगी, वयाने मोठा असलेला एक जण. सगळे नवखे एका गटात, त्यामुळे कुणालाच उपकरण लावता येत नाही, मग "हा गट कच्चा आहे" असा शिक्का. चिठ्ठ्या टाका. शून्य रुपये खर्च.

टिकलो कशामुळे? एक मॅडम तासाची शेवटची दहा मिनिटं मराठीत घ्यायच्या. सगळा धडा पुन्हा नाही, फक्त "आज काय झालं ते सांगा बरं" असं विचारायच्या आणि आम्ही मोडक्यातोडक्या भाषेत सांगायचो. पर्टर्बेशन थिअरी मला तिथे कळली. इंग्रजी माध्यमाची मुलंही त्या दहा मिनिटांना थांबायची.

आणि शैक्षणिक सहलीची वर्गणी. तिच्यावर अंतर्गत गुण असतील तर ती सहल नाही, दंड आहे.

भटकभवानी

तोरणमाळ, गटांबद्दल हज्जारदा +१.

माझी भर प्रयोगशाळेची. तीन मुलगे आणि एक मुलगी असा गट असला की मुलगे स्पेक्ट्रोमीटर फिरवणार आणि मुलगी रीडिंगं लिहिणार, कारण "तुझं अक्षर चांगलं आहे". वर्षाअखेर जर्नल माझं सुंदर आणि प्रिझम लेव्हल करायला हात थरथरत होते. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी "करून दाखव" म्हटलं तेव्हा घाम फुटला. नियम एका ओळीचा आहे: दर प्रयोगाला उपकरण हाताळणारा आणि लिहिणारा बदलायचा, आणि जर्नलवर त्या दिवशी उपकरण कुणी हाताळलं ते लिहायचं.

दुसरं, स्वच्छतागृहाची किल्ली. लेडीज रूम आहे, स्वच्छ आहे, कुलूपबंद आहे. किल्ली शिपाईकाकांकडे आणि काका झेरॉक्स आणायला गेलेले. ज्यांना हे हास्यास्पद वाटतंय ते नक्की पुरुष आहेत.

रोखठोक_नाना

मी थोडा विरोधी सूर लावतो, झोडपा. वर जे लिहिलंय त्यातलं बरंचसं साध्या चांगल्या शिक्षकाचं काम आहे. त्याला समावेशन हे नाव देऊन समिती का हवी? समित्या वाढल्या की शिकवणं कमी होतं. दुसरं, माझा मुलगा खुल्या प्रवर्गातला. मी सोसायटीत लेखनिक होतो, घरी दोन खोल्या. त्याला ना शिष्यवृत्ती ना वसतिगृह. २०१९ मध्ये आर्थिक दुर्बलांचं १० टक्के आलं तोवर त्याचं शिक्षण संपलं होतं. त्याला 'आपण इथले नाही' वाटलं नसेल का? तुमच्या आराखड्यात त्याची जागा कुठे? गुणवत्ता हा शब्द उच्चारला की माणूस लगेच प्रतिगामी ठरतो, म्हणून लोक गप्प बसतात आणि हॉस्टेलच्या खोलीत कुजबुजतात. ते जास्त वाईट.

तोरणमाळ

नाना, तुमच्या मुलाला सहलीची वर्गणी जड गेली असेल तर तो माझ्याच रांगेत आहे. माझ्या प्रतिसादात आरक्षणाचा एक शब्द नाही, तुम्हीच आणलात. पण वर्गात तुमच्या मुलाला कुणी "तू कसा आलास आम्हाला माहितीये" असं म्हटलं नसणार. पैशाची अडचण सांगता येते, मित्र डबा देतात. ही दुसरी गोष्ट सांगितली की तुम्हालाच पुरावा मागतात.

रोखठोक_नाना

हे मान्य. तसं त्याला कुणी म्हटलं नाही.

हेडक्लार्क

आता ऑफिसची बाजू ऐका, नेहमी आम्हालाच शिव्या बसतात.

एक. मागासवर्गीय मुलांच्या पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी या शासनाच्या पोर्टलवर भरला जातो. पैसे हप्त्यांत येतात आणि कधी येतील ते देव जाणे. पात्र विद्यार्थ्याकडून प्रवेशाच्या वेळी शिक्षण शुल्क घेऊ नये अशी शासनाची परिपत्रकं आहेत. तरी परीक्षेच्या तोंडावर खिडकीवरून ऐकू येतंच, "आधी फी भरा, मग हॉलतिकीट." विभागप्रमुखांनी ऑफिसला एक पत्र द्यावं की थकलेल्या शिष्यवृत्तीसाठी कुणाचंही हॉलतिकीट अडवू नये. पत्र असलं की आमच्यासारख्यांना वरिष्ठांना दाखवायला कागद मिळतो. कागदाशिवाय आम्ही हलत नाही, हा आमचा स्वभाव नाही, आमचं संरक्षण आहे.

दोन, आणि हे कुणीच लिहिलं नाही. हजेरीपटावर प्रवर्गाचा रकाना. प्रवेशाच्या गुणवत्ता यादीत प्रवर्ग लागतो, ते ठीक. पण आम्ही तीच एक्सेल फाइल पुढे ढकलतो. तिच्यावरून हजेरीपट होतो, त्यावरून प्रॅक्टिकलच्या बॅच, त्यावरून वसतिगृहाची यादी. वर्षभर प्रत्येक शिक्षकाच्या हातात मुलांच्या नावासमोर एससी, एसटी, ओबीसी लिहिलेलं असतं. कुणी मुद्दाम करत नाही. रकाना काढायला दोन क्लिक लागतात, पण काढा म्हणून कुणी सांगत नाही.

प्रकाशकिरण

हेडक्लार्क साहेब, आत्ता उठून माझा हजेरीपट बघितला. आहे रकाना.

निनाद_के

मी पूर्ण दृष्टिहीन आहे, राज्यशास्त्रात एमए केलं, आता एका बँकेत आहे. रॅम्पचा फोटो वाचून (म्हणजे ऐकून) हसलो. आमच्याकडेही तोच फोटो होता म्हणे.

२०१६ च्या कायद्यात शासकीय आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा आम्हाला आहेत. प्रवेश मिळतो. त्यानंतर सुरू होते ती नोटिशीची गंमत. विभागाची सूचना जुन्या मराठी फॉन्टात टाइप होते. तो फॉन्ट म्हणजे आतून इंग्रजी अक्षरं, वर फक्त देवनागरीचा मुखवटा. माझ्या मोबाइलला मुखवटा दिसत नाही, त्यामुळे तो "एफ के व्ही सेमिकोलन" असं काहीतरी गंभीरपणे वाचत सुटतो. मग सुधारणा होते: कागद छापून, सही-शिक्का मारून, मोबाइलने त्याचा वाकडा फोटो काढून व्हॉट्सअॅप ग्रुपवर. आता वाचण्यासारखं काहीच उरलं नाही.

इलाज: सूचना युनिकोडमध्ये टाइप करा आणि मजकूर तसाच ग्रुपवर टाका. सही-शिक्क्याची प्रत खाली जोडा, हवी तर. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) फुकट आहे आणि त्यात मराठीचा आवाजही चालतो. पाठ्यसामग्रीचंही तेच. भौतिकशास्त्रवाल्यांनी नोट्स लॅटेकमध्ये (समीकरणं मजकुराच्या रूपात लिहायची प्रणाली) केल्या असतील तर पीडीएफबरोबर मूळ फाइल द्या. समीकरणाचं चित्र मुकं असतं, मूळ फाइल बोलते.

लेखनिकाबद्दल, म्हणजे परीक्षेत आमची उत्तरं लिहून घेणाऱ्याबद्दल. तासाला किमान २० मिनिटं जादा मिळतात हे कागदावर पक्कं आहे. पण लेखनिक शोधायचा कुणी? बहुतेक ठिकाणी परीक्षार्थीनेच. वार्षिक परीक्षेला मी कुणालातरी पकडून आणायचो, पण अचानक जाहीर होणाऱ्या अंतर्गत चाचणीला काय करायचं? "तुझी नंतर तोंडी घेऊ" म्हणायचे आणि ती कधीच व्हायची नाही, सरासरी गुण पडायचे. प्रथम वर्षाच्या इच्छुक मुलांची यादी विभागाने ठेवली असती तर काम भागलं असतं.

पारिजात७

निनाद, "गंभीरपणे वाचत सुटतो" __/\__

आमच्या नगरपालिकेचं संकेतस्थळ अजून त्याच फॉन्टात आहे. अवांतर झालं, सॉरी.

मृणाल लीड्सकर

इथे इंग्लंडमध्ये मी एका अभियांत्रिकी विभागात आहे. अथेना स्वान नावाची सनद २००५ मध्ये सुरू झाली, स्त्री वैज्ञानिकांची गळती रोखायला. कांस्य, रौप्य, सुवर्ण असे पुरस्कार. २०११ मध्ये वैद्यकीय संशोधनाच्या काही मोठ्या निधीसाठी रौप्य लागेल असं जाहीर झालं आणि ज्या विभागांना बायका दिसत नव्हत्या त्यांना अचानक दिसायला लागल्या. २०२० मध्ये ती अट काढली, कारणांत कागदपत्रांचा बोजा हे मोठं कारण होतं.

तो बोजा मी उचललाय, म्हणून सांगते. अर्ज लिहायचं काम कुणावर पडतं? विभागातल्या चार बायकांवर. म्हणजे समानतेचा अहवाल लिहिण्यात ज्यांचं संशोधन मागे पडतं त्या पुन्हा बायकाच. नानांचा समित्यांबद्दलचा मुद्दा मला पटतो तो इथे. प्रकाशकिरण, हे काम तुमच्यासारख्या पुरुष प्राध्यापकाकडे आलं ते उत्तम झालं. पुढच्या वर्षी "मॅडमना जमेल चांगलं" म्हणून सरकवू नका, आणि कामाच्या तासांत धरून घ्या.

त्या कागदांतून खरं उरलेलं एक: सेमिनार आणि बैठका दहा ते चारच्या आत. संध्याकाळच्या सेमिनारला लहान मुलांचे आईबाप नसायचे, आणि पुढचे प्रकल्प त्या सेमिनारनंतरच्या गप्पांत ठरायचे. भारतातही २०२० मध्ये विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने याच धर्तीवर 'गती' सुरू केलं होतं.

कायदेपंडित

धागाकर्त्याच्या माहितीसाठी: यूजीसीने जानेवारी २०२६ मध्ये समतेचे नवे नियम काढले होते, त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यांना स्थगिती दिली. मूळ याचिका २०१९ ची, रोहित वेमुला आणि पायल तडवी (जातीय छळाच्या आरोपांनंतर आत्महत्या केलेले विद्यार्थी) यांच्या आईंनी केलेली. स्थगितीच्या वेळी २०१२ चेच नियम चालू ठेवायला सांगितलं, त्यामुळे आराखड्यात संदर्भ त्यांचाच द्या.

उडदामाजी

आता पेटणार. पॉपकॉर्न घेऊन बसलो.

प्रकाशकिरण

पेटवू नका. त्यासाठी वेगळा धागा आहे, दोनशेच्या वर गेलाय.

जुना_कोल्हापूरकर

वसतिगृहाचा उल्लेख झाला म्हणून थोडं मागचं. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहं उभी करायला हात दिला. व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, जैन, मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क. मागासवर्गीयांसाठी संस्थानच्या नोकऱ्यांत ५० टक्के जागांचा हुकूम २६ जुलै १९०२ चा. बोर्डिंगं जातवार होती. आज कुणी असा आराखडा दिला तर आपण त्याला फाडून खाऊ. पण त्या काळी एका छपराखाली ठेवलं असतं तर खालच्या पायरीवरची मुलं आलीच नसती, आली तर टिकली नसती. प्रत्येक समाजाला आधी स्वतःचं छप्पर आणि त्या समाजालाच चालवायची जबाबदारी.

भाऊराव पाटील त्यातल्याच जैन बोर्डिंगमधले. मिस क्लार्कच्या कार्यक्रमाला जाऊन आल्यावर आंघोळ करायला नकार दिला म्हणून त्यांना बोर्डिंग सोडावं लागलं असं सांगतात. पुढे त्यांनी साताऱ्यात १९२४ मध्ये सगळ्या जातींच्या मुलांचं एकत्र वसतिगृह काढलं, एकाच पंगतीत जेवण. १९२७ मध्ये गांधीजी आले तेव्हा त्याला शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं.

मला यातला कुठला रस्ता बरोबर हे सांगता येत नाही. भेदभाव होतोय त्या घटकेला वेगळी जागा लागते, आणि फक्त वेगळीच ठेवली तर ती कोंडी होते. तुमच्या विभागात दलित, आदिवासी मुलांचा स्वतःचा अभ्यासगट असेल तर "हे गटबाजी करतात" म्हणून मोडू नका.

भटकभवानी

कोल्हापूरकर, सुंदर. पंगतीवरून आठवलं, आमच्या मेसमध्ये अंडं खाणाऱ्यांचं टेबल वेगळं होतं, संडासाजवळ. ताटंही वेगळी, कडेला लाल रंगाची खूण केलेली. शाकाहारी मुलींनीच शेवटी त्या टेबलावर जाऊन बसायला सुरुवात केली, कारण पंखा तिथेच होता.

उडदामाजी

समाजक्रांतीत उषा-क्रॉम्प्टनचं योगदान.

सावली_परब

मी ट्रान्स स्त्री आहे, पीएचडी करतेय, थोडक्यात लिहिते. २०१९ च्या कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांकडून प्रमाणपत्र मिळालं, पण विद्यापीठाच्या नोंदीत नाव बदलायला वेळ लागतो आणि तो विभागाच्या हातात नाही. हातात काय आहे? वर्गातली हाक, दारावरची पाटी, सेमिनारची सूचना. माझे मार्गदर्शक पहिल्या दिवशी एवढंच म्हणाले, "तुम्हाला काय म्हणायचं ते सांगा, मी तेच म्हणेन", आणि म्हणत राहिले. बाकीचे हळूहळू त्यांच्यामागे आले. कार्यशाळा घेतली नव्हती. मला वाटतं, कार्यशाळा घेतली असती तर सगळे माझ्याकडे वळून बघत बसले असते.

आणि भटकभवानी, किल्लीचा मुद्दा मला हास्यास्पद वाटला नाही. एक खोली 'सर्वांसाठी' अशी पाटी लावून उघडी ठेवा. दिव्यांगांसाठीचं स्वच्छतागृह बहुतेक विभागांत असतंच, त्यात झाडू आणि जुने पंखे ठेवलेले असतात. ते रिकामं करा.

निनाद_के

सावली, आमच्यातही पंखे होते. आणि एक मोडकं व्यासपीठ.

तासिका_तत्त्व

विद्यार्थ्यांचं झालं. शिक्षकांचं? मी तासिका तत्त्वावर (तासाप्रमाणे मानधन) शिकवते, आमच्या विभागात अर्धे आम्हीच आहोत. बिंदूनामावली (कुठलं पद कुठल्या प्रवर्गाला याची यादी), आरक्षित पदं या सगळ्या गोष्टी पदं भरली तर ना. भरतीच नाही, तर विविधता कुठून येणार? एखाद्या मुलीने माझ्याकडे तक्रार आणली तर मी कुठल्या जोरावर उभी राहू, माझं कंत्राट दर वर्षी संपतं. आराखड्यात ही ओळ घालायची हिंमत असेल तर घाला.

हेडक्लार्क

मॅडमच्या प्रतिसादाला उत्तर नाही माझ्याकडे. खरं आहे.

रोखठोक_नाना

एक ठोस सुचवतो. अंतर्गत गुणांचं मूल्यमापन. विद्यापीठाच्या परीक्षेत उत्तरपत्रिकेवर बारकोड असतो, विभागातल्या चाचणीत मात्र पूर्ण नाव, आडनाव, हजेरी क्रमांक. तिथे सांकेतिक क्रमांक द्या आणि गुण लावल्यावर नावं जोडा. माझ्या मुलाची तक्रार हीच होती, की सरांच्या लाडक्यांना गुण जातात. खुल्यातला असो की राखीव, तपासणाऱ्याला कळताच कामा नये.

तोरणमाळ

नानांना +१. हे मी लिहायला हवं होतं.

उडदामाजी

स्क्रीनशॉट काढला. नाना आणि तोरणमाळ एका ओळीवर.

भटकभवानी

पण तोंडी परीक्षेचं काय? तिथे चेहरा समोर असतो. आमच्याकडे बाहेरचे परीक्षक पहिला प्रश्न विचारायचे, "गाव कुठलं? आडनाव काय म्हणालात?"

मृणाल लीड्सकर

प्रश्नांच्या चिठ्ठ्या आधी लिहून ठेवायच्या, विद्यार्थ्याने उचलायच्या, दोन परीक्षकांनी गुण वेगवेगळे लिहायचे आणि नंतरच एकमेकांना दाखवायचे. पूर्ण इलाज नाही, पण लहर कमी होते.

प्रकाशकिरण

मंडळी, वाचतोय आणि टिपतोय. काल विभागप्रमुखांशी बोललो. हजेरीपटातला रकाना निघाला, त्यावर त्यांनी जागेवर होकार दिला. गटांसाठी चिठ्ठ्या या सत्रापासून. सांकेतिक क्रमांकाला दोन ज्येष्ठ सहकाऱ्यांचा विरोध आहे, "आमच्यावर अविश्वास दाखवता का" म्हणून. एका पेपरला करून बघायचं ठरलंय, तो माझाच. पहिल्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेचं लिफ्टशिवाय काही होत नाही, पण ऑप्टिक्सची अंधारखोली तळमजल्यावर आणता येईल, तिथे आत्ता जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आहेत. ते रद्दीत काढायला परीक्षा विभागाची परवानगी लागते, ती कधी येईल ते हेडक्लार्क साहेबच सांगू शकतील.

तासिका_तत्त्व, तुमची ओळ घातली आहे. वर जाऊन टिकेल असं वाटत नाही, पण विभागाच्या प्रतीत राहील. सहलीची वर्गणी अजून लोंबकळतेय. सहल रद्द करावी असं एकाचं मत, मला ते पटत नाही.

तोरणमाळ

रद्द नका करू सर. मी गेलो नव्हतो, पण ज्यांनी नारायणगावजवळची खोडदची रेडिओ दुर्बीण बघितली ते वर्षभर तिच्याबद्दल बोलायचे. त्यावरचे गुण काढा, आणि एसटीने जा. खाजगी बस आणि रिसॉर्ट हे कुणी घुसडलं सहलीत?

हेडक्लार्क

एसटीची शैक्षणिक सहलीसाठी सवलत असते, विभागप्रमुखांच्या पत्रावर आगारात चौकशी करा. आणि गठ्ठ्यांचं म्हणाल तर अर्ज दोन प्रतींत द्या, एक प्रत हरवतेच.

निनाद_के

आराखडा तयार झाला की इथे टाका सर, मी एनव्हीडीएवर तपासून देतो. फक्त त्याचा फोटो काढून टाकू नका.